एकच औषध, अनेक नावे : हिशेब ठेवायचा कोणी?

आपल्या देशातील जवळजवळ प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो आणि त्या डब्यात पॅरासिटामॉलची एखादी पट्टी असतेच असते. ताप आला, डोके दुखले, दाढ ठणकली, लसीकरणानंतर अंग कसकसले, रेल्वेच्या लांबच्या प्रवासाने पाठ अवघडली, की घरातील वडीलधारी व्यक्ती 'एक गोळी घे आणि पडून राहा' असे सांगते. हा सल्ला चुकीचा नाही. योग्य मात्रेत घेतले असता पॅरासिटामॉल हे अत्यंत विश्वासार्ह औषध आहे. अन्य अनेक वेदनाशामकांप्रमाणे ते पोटाच्या अस्तरास त्रास देत नाही. बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या तापावर डॉक्टर बहुधा प्रथम तेच सुचवितात. म्हणूनच त्याविषयी सावधगिरीचे चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. ज्या औषधाची भीती वाटते ते आपण मोजून घेतो. ज्यावर विश्वास असतो, ते मोजायचे राहून जाते.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय बँकेचा आहे, वैद्यकाचा नव्हे. कोणाला कोणते औषध किती द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. परंतु या औषधाच्या बाबतीत नकळत होणारा अतिरेक हा मुख्यतः वैद्यकीय ज्ञानाचा नव्हे, तर हिशेबाचा प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हिशेबाविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांनाच आहे.

मर्यादा कोणती?

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम, अशी सर्वसाधारण मर्यादा जगभर मानली जाते. ५०० च्या आठ गोळ्या झाल्या की ही मर्यादा भरते. ६५० च्या सहा गोळ्यांतच ३९०० मिलिग्रॅम होतात आणि सातवी गोळी मर्यादेपलीकडे जाते. ही कमाल मर्यादा आहे, नित्याचे प्रमाण नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ज्यांचे वजन ५० किलोपेक्षा कमी आहे, जे नियमित मद्यपान करतात, ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा आजारपणामुळे ज्यांच्या पोटात दोन-तीन दिवस अन्न गेलेले नाही, अशांसाठी डॉक्टर ही मर्यादा आणखी खाली आणतात. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच दिले जाते. मात्र डेंग्यूमध्ये यकृतावर आधीच ताण असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी दिवसाला ३ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे.

येथे 'दिवस' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. बँकेचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. यकृताचा दिवस तसा संपत नाही. रात्री दहा वाजता घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत हिशेबात धरावी लागते. 'काल चार घेतल्या, आज नवा दिवस' हे गणित येथे चालत नाही.

असे का, हे थोडक्यात पाहू. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी स्वरूपात बदलून लघवीवाटे बाहेर टाकते. एका लहानशा अंशाचे मात्र विषारी द्रव्यात रूपांतर होते. यकृतातील ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ हे विष तत्काळ निकामी करतो. या ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित असतो. उपासाने आणि कुपोषणाने तो रोडावतो, तर दीर्घकाळच्या मद्यपानाने साठा घटतोच, शिवाय विष तयार होण्याचे प्रमाणही वाढू शकते. मात्रा वाढत गेली, की एका क्षणी शिल्लक संपते आणि मोकळे राहिलेले विष यकृताच्या पेशींचा नाश करू लागते. शिल्लक असेपर्यंत सारे व्यवहार सुरळीत चालतात आणि शिल्लक संपल्याचे कळते ते मात्र फार उशिरा.

संयुक्त खाते आणि वेगवेगळे धनादेश

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात एका गृहस्थांना ताप आला. त्यांनी तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतली. नाक चोंदले म्हणून दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. त्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते आणि त्याही त्यांनी तीन वेळा घेतल्या. गुडघेदुखीसाठी आधीपासून चालू असलेली जोडगोळी सकाळ-संध्याकाळ घेणे सुरूच होते. तिच्यात ३२५ मिलिग्रॅम होते. आता बेरीज करू : १९५०, अधिक १५००, अधिक ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम. या गृहस्थांनी कोणतीही गोळी तिच्या नेमून दिलेल्या प्रमाणाबाहेर घेतलेली नाही. तिन्ही औषधांच्या बाबतीत ते स्वतंत्रपणे पाहता शिस्तबद्धच आहेत. तरीही बेरीज मर्यादेबाहेर गेली. एका दिवसाच्या एवढ्याशा अतिरेकाने धडधाकट माणसाला बहुधा काही होणार नाही. पण तापात अन्न सुटलेले असता हाच क्रम चार-पाच दिवस चालला, तर धोका खरा आहे. एकदम घेतलेल्या मोठ्या मात्रेइतकाच हा 'थेंबे थेंबे' साचणारा अतिरेक घातक ठरू शकतो.

संयुक्त खात्यावर तीन धनादेशपुस्तके असावीत, तिघांनी आपापल्या परीने काटकसरीने धनादेश लिहावेत आणि पासबुक मात्र कोणीच पाहू नये, असा हा प्रकार होय.

अडचण अशी, की या एकाच औषधाची नावे अनेक आहेत. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे आपल्या ओळखीची. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल असते, हे अनेकांच्या गावी नसते. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्येही ते असते. सर्दी-पडशावरील कित्येक गोळ्यांत, मुलांच्या सर्दीच्या काही सिरपांत आणि अस्थिरोगतज्ज्ञ लिहून देतात त्या ट्रामाडॉलसारख्या औषधांच्या जोडगोळ्यांतही ते आढळते. त्यात आणखी एका नावाची भर पडली आहे. अमेरिकेत या औषधास ॲसिटामिनोफेन म्हणतात. मुलगा-सून अमेरिकेहून येताना टायलेनॉलची शे-दोनशे गोळ्यांची बाटली घेऊन येतात, 'तिकडचे औषध' म्हणून ती कौतुकाने वेगळी ठेवली जाते आणि घरातील नेहमीच्या गोळीबरोबर तीही घेतली जाते. नावे दोन, देश दोन, औषध मात्र एकच.

शरीर लगेच तक्रार करीत नाही

पॅरासिटामॉल हे रसायन १८७८ च्या सुमारास प्रथम तयार झाले. परंतु औषध म्हणून त्याचा सर्रास वापर १९५० च्या दशकात सुरू झाला. जादा मात्रेमुळे यकृत निकामी होऊ शकते, याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली ती १९६६ साली. इतकी वर्षे हा धोका ध्यानात न येण्यामागे काही अंशी या विषबाधेचा फसवा स्वभाव असावा. पहिल्या चोवीस तासांत रुग्णास थोडी मळमळ, एखादी उलटी, थोडा थकवा, एवढेच जाणवते. पुष्कळदा तेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, डोळे पिवळे होतात, आणि मग परिस्थिती झपाट्याने हाताबाहेर जाऊ शकते.

आपल्या देशात तर आणखी एक गुंता आहे. येथे यकृत अचानक निकामी होण्याची प्रमुख कारणे म्हणजे विषाणूजन्य कावीळ आणि क्षयरोगावरील काही औषधे. पॅरासिटामॉलचा क्रमांक त्यांच्या मागे लागतो. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ते यकृत निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे आणि अमेरिकेतील अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांनी ते जाणूनबुजून नव्हे, तर नकळत अधिक घेतलेले असते. तेव्हा 'हा प्रश्न तिकडचा, आपला नव्हे' असे म्हणण्याचा मोह होतो. मला हा युक्तिवाद मान्य नाही. ज्या देशात तापानंतर डोळे पिवळे झाले की 'कावीळ झाली' म्हणून झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचा पत्ता विचारला जातो, तेथे तापात किती गोळ्या घेतल्या हा प्रश्न विचारलाच जाईल याची शाश्वती नाही. ज्याची नोंदच होत नाही, ते घडत नाही असे मानणे कोणत्याही लेखापरीक्षकास पटणार नाही.

या विषबाधेवर उतारा उपलब्ध आहे, ही समाधानाची बाब. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचे औषध यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा भरून काढते. जादा मात्रा घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते मिळाले, तर यकृत जवळजवळ निश्चितपणे वाचते. पुढे जसजसा उशीर होतो, तसतसा त्याचा उपयोग घटत जातो. म्हणून लक्षणांची वाट पाहणे ही या प्रसंगातील सर्वांत मोठी चूक होय. मात्रा जास्त झाल्याची शंका जरी आली, तरी सर्व औषधांच्या पट्ट्या व बाटल्या बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. माणूस ठणठणीत दिसत असला तरीही गाठावे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र असून त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर आहेच.

चमचा नव्हे, मिलिलिटर

लहान मुलांच्या बाबतीत चूक होते ती बहुधा बाटलीवरील आकड्यांच्या गोंधळामुळे. मुलाची मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरते. एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, असे तिचे सर्वसाधारण प्रमाण आहे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. आपल्याकडे हे औषध बालकांसाठी तीन वेगवेगळ्या तीव्रतांत सर्रास मिळते. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तीव्र सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या अवघ्या १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. बाटली जितकी लहान, तितके औषध सौम्य, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

१२ किलो वजनाच्या बालकाला १८० मिलिग्रॅम द्यावयाचे, तर साधे सिरप साडेसात मिलिलिटर लागेल, तीव्र सिरप ३.६ मिलिलिटर आणि थेंब केवळ १.८ मिलिलिटर. आता कल्पना करा, की डॉक्टरांनी साधे सिरप साडेसात मिलिलिटर सांगितले आहे, आईने ते नीट पाठ केले आहे आणि दुकानदाराने साधे संपले म्हणून तीव्र दिले. बाळाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक औषध गेले. धाकट्या भावंडासाठी आणलेले थेंब त्याच मापाने पाजले, तर ७५० मिलिग्रॅम गेले, म्हणजे मोठ्या माणसाच्या गोळीपेक्षाही अधिक. त्यातच सकाळी आजीने एकदा दिले, दुपारी पाळणाघरात एकदा दिले आणि संध्याकाळी कार्यालयातून परतलेल्या वडिलांनी पुन्हा दिले, तर कोणाच्याच हातून निष्काळजीपणा झालेला नसताना बालक संकटात सापडते.

म्हणून स्वयंपाकघरातील चमचा या कामी पूर्णतः वर्ज्य करावा. बाटलीसोबत मिळणारे माप, ड्रॉपर किंवा सुईविरहित सिरिंजच वापरावी आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीस लावू नये. अमेरिकेत थेंब व सिरप यांच्या भिन्न तीव्रतांमुळे होणाऱ्या चुका टाळण्यासाठी २०११ साली उत्पादकांनी बालकांची द्रवरूप औषधे एकाच तीव्रतेत आणण्याचा निर्णय जाहीर केला. असा विचार आपल्याकडेही व्हावयास हवा.

जबाबदारी कोणाची?

अन्य देशांनी या प्रश्नाकडे केवळ रुग्णाच्या अज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहिलेले नाही. ब्रिटनने १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटाचा आकारच मर्यादित केला : साध्या दुकानात १६ गोळ्या, औषधविक्रेत्याकडे ३२. त्यानंतर तेथे या औषधामुळे होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या जोडगोळ्यांतील या औषधाचे प्रमाण प्रत्येक गोळीस ३२५ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित करण्यास उत्पादकांना सांगितले. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून व्यवस्था सुधारणे, हे या दोन्ही निर्णयांमागील सूत्र आहे. बँकेत आम्ही एकाच व्यवहारावर दोघांच्या सह्या घेतो, त्या कर्मचाऱ्यांवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. चूक वेळीच सापडावी म्हणून घेतो.

आपल्याकडे औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याविषयी २०१८ साली नियमांत दुरुस्ती झाली, ती स्वागतार्ह होय. जादा मात्रेने यकृतास इजा होऊ शकते, असा इशाराही अनेक पट्ट्यांवर छापलेला असतो. परंतु तो बहुधा इंग्रजीत असतो, बारीक टाइपात असतो आणि चार गोळ्यांसाठी पट्टी कात्रीने कापून दिली, की इशाऱ्याचा भाग दुकानातच राहतो. दवाखान्यातून मिळणाऱ्या पुडीतील सुट्या गोळ्यांवर तर काहीच छापलेले नसते. पांढरी सकाळी, पिवळी रात्री, एवढेच रुग्णास ठाऊक. अशा स्थितीत 'जनतेने लेबल वाचावे' हा उपदेश अपुरा आहे. इशारा प्रादेशिक भाषेत असावा, पट्टी कापताना औषधाचे नाव व प्रमाण असलेला भाग ग्राहकाच्या हाती पडावा आणि पुडीवर निदान औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, ही मागणी करण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे. परप्रांतात बदलीवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर दुकानदाराची भाषाही नीट उमगत नाही. त्यांच्यासाठी छापील मजकुराचे मोल अधिकच आहे.

'औषधांचे गणित सामान्य माणसावर सोपवले, तर तो घाबरून आवश्यक औषधही घेणार नाही', असा एक आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला भीतीपोटी औषध न देणे हेही अनिष्टच. परंतु हिशेब ठेवणे म्हणजे भिणे नव्हे. पासबुक भरून घेणारा ग्राहक पैसे काढण्यास भीत नाही. उलट तोच निर्धास्तपणे काढतो. किती घेतले हे ज्यास ठाऊक आहे, त्यालाच पुढची गोळी निःशंकपणे घेता येते.

नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांच्या पिशवीत पासबुकाशेजारी औषधांच्या पाच-सहा पट्ट्या सहज दिसतात. हृदयविकाराचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, घराजवळचे वेगळे, आणि मुले दूरगावी. या प्रत्येकाच्या चिठ्ठीत काय आहे, हे एकत्रितपणे पाहणारे त्या घरात कोणीच नसते. अशा ज्येष्ठांसाठी काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. औषधाच्या डब्यात एक छोटी वही ठेवावी. त्यात तारीख, वेळ, गोळीचे नाव आणि पॅरासिटामॉलचे मिलिग्रॅम, असे चार रकाने पुरेत. घरातील ज्या ज्या औषधांत पॅरासिटामॉल आहे, त्यांच्या पट्टीवर वा बाटलीवर लाल शाईने एक ठळक खूण करावी. एका वेळी लाल खुणेचे एकच औषध घ्यावे. नवे औषध विकत घेताना 'यात पॅरासिटामॉल आहे का, असल्यास किती?' हा प्रश्न औषधविक्रेत्यास विचारण्याची सवय लावून घ्यावी. ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर गोळ्या वाढवू नयेत, डॉक्टर गाठावेत. दूर राहणाऱ्या मुलांनी दूरध्वनीवर 'औषधे घेतलीत ना?' असे विचारताना 'कोणती आणि किती घेतलीत?' असेही विचारावे.

आपल्या कष्टाच्या पैशांचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो. दहा रुपयांचा फरक पडला तरी काउंटरवर येऊन विचारणा करतो आणि ते योग्यच आहे. खात्यातील चुकीची नोंद दुरुस्त होऊ शकते, वजा झालेली रक्कम परत जमा होऊ शकते. यकृताच्या बाबतीत ही दुरुस्ती करण्यास अवधी मिळतो तो काही तासांचाच. वहीतील चार रकाने भरण्यास त्याहून पुष्कळ कमी वेळ लागतो.